हैबतीच्या अंगातलं वारं

॥ श्री ॥
मु. वरचीवाडी, पोलादपूरजवळ
पौष शु. ४, शके १८५५, गुरुवार

गं. भा. बनुबाई विहीणबाई यांस प्रयागबाईचा नमस्कार वि. वि. इकडील सर्व खुशाल. नुसतं खुशाल नाय, मिरवण्यासारखं हाय, म्हणून मुद्दाम कागद घेतला.

सगळ्यांच्या आधी आली ती शेजारची गोदूबाई, आणि तीही चुलीवरचं दूध तसंच टाकून. तिच्या मागून तिची जाऊ, मग खालच्या आळीतल्या चौघीजणी, आणि दुपारपर्यंत माझ्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कशाला आल्या म्हणाल, तर हैबतीच्या अंगात आई आली, विहीणबाई! माझ्या लेकाच्या, तुमच्या जावयाच्या. ज्याला तुम्ही गेल्या शिमग्यात चारचौघांत दारुडा म्हणालात, त्याच्याच पाया पडायला आता वाडी येतेय.

पहिल्यापासून सांगते. आवडीला माहेरी ठेवून घेईन अशी धमकी तुम्ही दिलीत ना, ती त्याच्या मनाला लागली. मंगळवारी मी त्याला न्हाऊ घालून देवळात नेलं. कुशाबा गुरवाने आईपुढे नारळ मांडला, आणि हैबतीने नारळावर हात ठेवून आण घेतली, की आजपासून दारू ओठाला लावणार नाय. बारा वर्षं रोज पिणारा माणूस, पण मंगळवारपासून एक थेंब नाय. मीच राखण बसले, जाईल कुठे?

बुधवारी उजाडताच त्याचे हात थरथरायला लागले. पेजेची वाटी तोंडापर्यंत जाईना. मला वाटलं थंडी. पण पौषातल्या थंडीत सदरा पिळून काढावा इतका घाम! कुशाबाने बघितलं आणि म्हणाला, की आईने आण मान्य केली, तिचं वारं येतंय. आज सकाळी तर दात आवळले, डोळे वर गेले, अंग लाकडासारखं ताठ झालं आणि जमिनीवर पडून उडायला लागला. कुशाबाने शंख फुंकला. माझ्या अंगावर काटा आला, पण आनंदाचा.

तेव्हापासून भिंतीकडे बोट दाखवतोय, की लाल खेकडे चढतायत, काढा. गोदूबाईचं पारडू चार दिवस हरवलेलं. तिने पुढ्यात तांदूळ ठेवून विचारलं, तर हा आपला खेकडे, खेकडे. कुशाबा म्हणाला की खेकडा म्हणजे ओढा. आणि पारडू खरंच ओढ्याच्या कडेला सापडलं! गोदूबाई रडली, मी पण रडले, मग शिरा केला. शिऱ्यावरून आठवलं, तुम्ही दिवाळीत धाडलेल्या करंज्यांत सारण नव्हतं. ते आता जाऊ द्या.

त्याला झोप नाय, अन्न नाय, मेलेल्या बापाशी बोलतो. पण देव अंगात असला की असं व्हायचंच. तुमची लेक मात्र कोपऱ्यात बसून रडते आणि डॉक्टर डॉक्टर करते. हे वळण कुठलं ते मी लिहीत नाय. हैबतीच्या जोडीने हिरड्याची गाडी हाकतो तो भागोजी आत्ताच महाडला निघालाय. त्याच्या हाती पत्र देते, उद्या सकाळी तुडीलला पोचवेल. शनिवारी मोठी आरती हाय. यायचं तर नारळ घेऊन या आणि तोंड सांभाळून या.

लोभ आजवर नव्हताच, आता देवाच्या निमित्ताने तरी धरावा, ही विनंती.
प्रयागबाई


मु. तुडील
पौष शु. ५, शुक्रवार

गं. भा. प्रयागबाई यांस बनुबाईचा नमस्कार वि. वि. मला लिहिता येत नाही. शाळेचे गुरुजी लिहीत आहेत. मी सांगते तसंच लिहा, गोड करू नका, असं त्यांना बजावलं आहे. तेव्हा जे लागेल ते माझंच समजा.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचून घेतलं. मंगळवारपासून एक थेंब नाही. प्रयागबाई, ते वारं नाही. आई कोणाच्या हातातली पेज सांडत नाही. आणि आई अंगात आली म्हणून माणसाचं धोतर भिजत नाही. तुम्ही ते लिहिलं नाही, पण ताठ होऊन पडला तेव्हा भिजलं असणार. मला ठाऊक आहे, कारण मी ते धुतलं आहे.

आवडीचा बाप तापाने गेला असं सोयरीक जमवताना तुम्हाला सांगितलं. आवडीलाही तेच सांगितलं. ते खोटं. तोही रोज पिणारा. एका वर्षी सावित्रीला पूर आला, होडी बंद पडली, आणि दारूच्या गुत्त्यापर्यंत त्याला जाता येईना. दुसऱ्या दिवशी हात कापायला लागले. तिसऱ्या दिवशी घोंगडीवरच्या मुंग्या वेचायला लागला. मुंग्या नव्हत्या. आम्हीही हार घातले, धूप घातला. माझ्या सासूनेही शिराच केला होता. चौथ्या दिवशी झटके आले ते थांबलेच नाहीत. आरती निम्मी झाली होती. मी हातातलं तबक खाली ठेवलं तेव्हा मी विधवा होते.

पुढे महाडच्या डॉक्टरांनी मला समजावलं, की वर्षानुवर्षं रोज दारू मिळणाऱ्या अंगाची दारू एकदम तोडली की ते असं बिथरतं, आणि त्यात माणूस मरतोसुद्धा. अशी दारू डॉक्टरच्या नजरेखाली सोडवायची असते. नारळाखाली नाही.

आज तुमच्या लेकाचा चौथा दिवस आहे. भागोजी लगेच उलटा फिरतो आहे, त्याच्या हाती हे देते. आरती बंद करा. माणसं हाकला. धूर काढा. त्याला बांधू नका, एकटा सोडू नका, शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी द्या. मी महाडात डॉक्टरांना गाठते आणि उद्या सकाळच्या मोटारीने त्यांना घेऊन येते. नारळ आणणार नाही.

लोभ नसला तरी माझं अडत नाही. माणूस तेवढा राखा, ही विनंती.
बनुबाई

करंज्यांत सारण होतं. तुमच्या वाटेला आलं नसेल.


मु. वरचीवाडी
पौष शु. ७, रविवार

गं. भा. बनुबाई यांस प्रयागबाईचा नमस्कार वि. वि. नमस्कार लिहायची रीत हाय म्हणून लिहिला.

काल तुम्ही आलात. घरात पाणी विचारायच्या आधी कुशाबाच्या हातातलं धुपाटणं घेऊन अंगणात नेऊन उपडं केलंत. माझ्या दारात, आरतीला जमलेल्या माणसांदेखत! तुमच्या मागून तो पाटलोणवाला डॉक्टर, हातात घड्याळ. मी उंबऱ्यात आडवी बसले, पाय पसरून. माझ्या लेकाला घरातून न्यायचं तर माझ्यावरून न्या, असं मी म्हणाले ते आठवतंय मला. तुम्ही काय म्हणालात तेही आठवतंय, की आवडीचं कपाळ माझ्यासारखं पांढरं करायचं असेल तर अशाच बसून राहा. आणि आवडी माझ्या पायांवरून ओलांडून गेली. सात वर्षं माझ्या घरचं खाल्लेली सून.

मी उठले ती तुमच्या बोलण्याने उठले असं तुडीलात सांगत फिरू नका. त्याला पुन्हा झटका आला आणि तोंडातून रक्त आलं, म्हणून उठले. जीभ चावली गेली होती. आई आपल्या लेकराची जीभ चावत नाय, एवढं मलाही कळतं. डॉक्टरने त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली उपरणं ठेवलं, घड्याळ बघत बसला आणि मग सुई टोचली. कुशाबा शंख घेऊन उभाच. त्याला म्हटलं, आता फुंकलास तर तो शंख तुझ्या घशात घालीन. हे माझ्याच तोंडून गेलं. आईपुढे नाक घासून आले त्याबद्दल.

पण एक लिहिते. बाप तापाने गेला म्हणून सांगून तुम्ही लेक माझ्या घरात दिलीत. खरं तेव्हाच सांगितलं असतं तर ते थरथरणं बघून मला काय ते कळलं असतं. तीन दिवस मी माझ्या लेकाला देव म्हणून ओवाळत बसले, त्यात माझं अडाणीपण हाय, पण तुमचं खोटंही हाय. अर्धं अर्धं वाटून घ्या.

शकूला सांगितलंय की बाबा गाडी घेऊन बंदरावर गेलेत. ती विचारते की मग बैल गोठ्यात कसे.

तो काय खातो? पेजेत मीठ जास्त लागतं त्याला.

लोभ तुमच्याजवळच ठेवा, खबर तेवढी धाडा.
प्रयागबाई


महाड, डॉक्टरांचा दवाखाना
पौष शु. ९, मंगळवार

गं. भा. प्रयागबाई यांस बनुबाईचा नमस्कार वि. वि. हे पत्र कंपाउंडर लिहीत आहे. त्याचं अक्षर डॉक्टरांपेक्षा बरं आहे.

तुमचा लेक जिवंत आहे. शनिवार, रविवार कठीण गेले. खाटेवरून उठून पळत होता, खेकडे आता छतावरून पडत होते. आवडी एका बाजूला, मी एका बाजूला. खोलीत दिवा जळता ठेवायचा, सावल्या पडू द्यायच्या नाहीत, एकाच माणसाने हळू आवाजात बोलायचं, असं डॉक्टरांनी शिकवलं. तुमच्या अंगणात पन्नास माणसं, शंख आणि धूर होता, हे मी त्यांना सांगितलं. ते चष्मा पुसत बसले.

काल दुपारी त्याला झोप लागली ती आज सकाळपर्यंत. जागा झाला आणि आवडीला नावाने ओळखलं. मग बैलांना वैरण कोण घालतं ते विचारलं. पेज खाल्ली. मीठ मागितलं नाही. मी तुमचं ऐकून आधीच घातलं होतं, ते त्याला जास्त झालं.

झोपेचं औषध कडू आहे, आणि लपवत नाही, त्याचा वास दारूसारखाच उग्र येतो. डॉक्टर म्हणतात की अंगाला एकदम धक्का बसू नये म्हणून ते मापून द्यायचं आणि रोज कमी करत न्यायचं. अंग आठवड्यात शांत होईल, पण ओढ लवकर जाणार नाही. घरी गेल्यावरही दर आठ दिवसांनी त्याने इथे येऊन तोंड दाखवायचं आणि खरं सांगायचं. चुकून प्यायला तरी यायचं. मारणार नाहीत, हसणार नाहीत.

डॉक्टरांनी त्याला विचारलं की पहिला घोट कोणी दिला. तो म्हणाला की आईने, हिरड्याची पहिली खेप टाकून भिजून आलो तेव्हा, ऊब यावी म्हणून. हे लिहिताना मला आनंद झाला नाही असं नाही.

लोभाचं नंतर पाहू.
बनुबाई


मु. वरचीवाडी
पौष शु. १०, बुधवार

गं. भा. बनुबाई यांस प्रयागबाईचा नमस्कार वि. वि. नारळावर हात ठेवलेल्या माणसाच्या तोंडात तुम्ही दारूच्या वासाचं औषध ओतलंत, वर मला कळवताय! आण मोडली. कुशाबा म्हणतो की कोप झाला तर तो आण घेणाऱ्यावर होतो. माझा लेक डॉक्टरच्या खाटेवरून उठवून माझ्याकडे आणून द्या, मी बघते.

आणि पहिला घोट मी दिला, दिला! तेव्हा तो सोळा वर्षांचा होता, ओठ निळे पडलेले. आमच्याकडे सगळ्या आया देतात. पुढचे घोट मी दिले नाय.

अंग बिथरतं म्हणे. अंगाला काय कळतं? मन खंबीर पाहिजे. माणसाने एकदा ठरवलं की सुटतं. माझ्या लेकाचं मन तुम्ही आणि तुमचा डॉक्टर मिळून भुसभुशीत करताय. आज सकाळपासून चार वेळा मशेरी लावली तरी माझं डोकं शांत होईना, इतका संताप आणलात.

लोभ बिभ काही नको.
प्रयागबाई


महाड, दवाखाना
पौष शु. ११, गुरुवार

गं. भा. प्रयागबाई यांस बनुबाईचा नमस्कार वि. वि. तुमचं पत्र कंपाउंडरने मोठ्याने वाचलं. चार वेळा मशेरी, इथे मी त्याला थांबवलं.

तुमचं मन खंबीर आहे ना? मग तो तंबाखू भाजून केलेला काळा भुगा चार दिवस दाताला लावू नका. फक्त चार दिवस. त्याने कोणी मरत नाही, डॉक्टरांना विचारून लिहीत आहे. दारूच्या मानाने मशेरी म्हणजे शेळी. पाचव्या दिवशी मला लिहा की अंगाला काय कळतं. तोवर औषध चालू राहील, आणि हैबती खाटेवरून उठणार नाही.

सगळं नीट राहिलं तर डॉक्टर पुढच्या आठवड्यात त्याला सोडतील. दिवस भागोजीबरोबर कळवीन.

लोभ ठेवायला तुमची मशेरी आड येत नसेल तर ठेवावा.
बनुबाई


मु. वरचीवाडी
पौष व. २, मंगळवार

गं. भा. बनुबाई विहीणबाई यांस प्रयागबाईचा नमस्कार वि. वि. इकडची खुशाली विचारू नका. ती घालवणाऱ्या तुम्हीच.

शुक्रवारी सकाळी मशेरीचा डबा फळीवर ठेवला. तुम्ही चार म्हणालात, मी मनात म्हटलं आठ दाखवीन आणि बनुबाईचं नाक खाली करीन. दुपारी डोकं दुखायला लागलं, मी उन्हाला दोष दिला. शनिवारी कपाळात कोणीतरी कांडत बसल्यासारखं. कुशाबा प्रसाद घेऊन आला, त्याच्यावर मी म्हशीवर ओरडावं तशी ओरडले. त्याला वाईट वाटलं नाय म्हणतो, पण प्रसाद परत घेऊन गेला. हात आपोआप फळीकडे जायचा. एकदा तर मी चुलीतली राख दाताला लावली, नुसतं बोट फिरल्याचं समाधान व्हावं म्हणून. गोदूबाईला सांगू नका.

रविवारी भात करपवला मी आणि रागावले शकूला. सहा वर्षांची नात माझी, तिचा काय दोष. ती तडक गोदूबाईकडे गेली आणि सांगून आली, की आजीच्या अंगात कोणीतरी आलंय, पण तिला खेकडे अजून दिसत नायत. सगळी वाडी हसली. मीही हसायला गेले, आणि विहीणबाई, रडायलाच लागले ते थांबेना.

तेव्हा कळलं मला. डॉक्टरने सांगून नाय, तुम्ही सांगून तर नायच नाय. मन माझं खंबीर हाय, वाडीत कोणालाही विचारा. पण हात माझं ऐकत नव्हता. चिमूटभर भुग्यासाठी माझी ही गत, तर त्याच्या बारा वर्षांचं काय झालं असेल?

एक गोष्ट मी पहिल्या पत्रात लिहिली नव्हती. त्या बुधवारी त्याने माझे पाय धरले होते. आई, एक घोट दे, नायतर मी मरतो, असं म्हणाला. मला वाटलं, आण मोडायला लावणारं भूत त्याच्या तोंडून बोलतंय. मी बाहेर आले आणि दाराला कडी घातली. आतून तो दार वाजवत होता, आणि मी बाहेर बसून देवीचं नाव घेत होते. तो खरं बोलत होता, विहीणबाई. मरतच होता.

आज देवळात गेले. कुशाबाला म्हटलं कौल लाव. आईच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली आणि विचारलं, की डॉक्टरने मापून दिलेलं औषध ही दारू का? नसेल तर उजवं दे. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत उजवं फूल पडलं. कुशाबा म्हणाला की दार उघडं होतं, वाऱ्याने पडलं असेल, पुन्हा लावू. मी म्हटलं, त्या दिवशी हैबतीच्या अंगात आलं ते तुला आईचं वारं वाटलं, आणि हे नाय वाटत? मग त्याने फूल उचलून माझ्या हातात दिलं.

घरात कणगीमागे दारूचा एक बुधला होता. पाहुणे आले, कोणाला थंडी वाजली तर असावा म्हणून मीच ठेवलेला. तो ओढ्यावर नेऊन ओतला. बुधला फोडला, कारण घरात राहिला की त्यात काहीतरी भरावंसं वाटतं. भागोजीला सांगून ठेवलंय, की यापुढे गाडी गुत्त्यापाशी थांबवायची नाय, बैलांना पाणी पुढच्या पाणवठ्यावर पाजायचं. दर आठ दिवसांनी हैबती दवाखान्यात जाईल तेव्हा मी गाडीत बसेन. तुम्ही नाय, मी. आणि चुकला कधी, तर कडी घालणार नाय. गाडी जुंपेन.

मशेरीचा डबा मी टाकलेला नाय, खोटं लिहिणार नाय. फळीवरच हाय. आज पाचवा दिवस. दुपारची भांडी झाली की नजर तिकडेच जाते. त्याची किती जात असेल, हा हिशेब मला रोज नव्याने घालावा लागतोय.

आवडीला म्हणावं, माझ्या पायांवरून ओलांडलीस ते चांगलं केलंस, पण पुन्हा केलंस तर बघून घेईन. तुमच्यावरचा राग अजून हाय. त्या करंज्यांचा तर हायच. पण तुम्ही ते धुपाटणं उपडं केलं नसतं, तर मी आज कोणासाठी मीठ राखून पेज केली असती?

लोभ असेल नसेल, उंबऱ्यात मी आडवी बसणार नाय एवढं धरून चाला.
प्रयागबाई

ता. क. भागोजी आत्ताच आला. तुम्ही तिघं सकाळच्या मोटारीने येणार म्हणून सांगत होता. शुक्रवारी, पौष वद्य पंचमीला.